जर्मन भाषा : इंग्रजांची वाट आणि आपली वाट

भंवरकुआंच्या चौकात उभे राहून सभोवार दृष्टी टाकली, तर या शहराच्या तरुण पिढीच्या आकांक्षा पाट्यांवर वाचावयास मिळतात. एका बाजूस १८९१ साली स्थापन झालेले होळकर विज्ञान महाविद्यालय, खंडवा रस्त्याने पुढे गेले की देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा परिसर, आणि या दोहोंच्या मधल्या गल्लीबोळांतून शिकवणीवर्ग, वसतिगृहे, खानावळी आणि पुस्तकांची दुकाने यांची दाटी. लोकसेवा आयोग, बँक, पटवारी, रेल्वे या परीक्षांच्या पाट्या येथे जुन्याच आहेत. अलीकडे मात्र त्यांच्या गर्दीत 'जर्मन : ए-१, ए-२, बी-१' अशी नवी अक्षरे दिसू लागली आहेत, आणि त्या पाट्यांखालून जिना चढून जाणाऱ्या मुलामुलींत आपल्या मराठी घरांतील मुलेही आहेत.

याचे कारण उघड आहे. जर्मनीत वृद्धांची संख्या वाढली, काम करणारे हात कमी पडू लागले, आणि त्या देशाने परदेशी कुशल कामगारांसाठी आपली दारे क्रमाक्रमाने उघडली. डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतरविषयक करार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठी द्यावयाच्या वार्षिक परवान्यांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांतून शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ४९ हजारांहून अधिक होती, आणि परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा क्रमांक पहिला होता. परिचारिका, यंत्रविशारद, संगणकतज्ज्ञ, उपाहारगृहातील आचारी अशा अनेकांना आता ही वाट खुणावू लागली आहे.

मुलांनी परदेशी जावे की न जावे, हा प्रश्न आम्ही येथे उपस्थित करीत नाही. तो ज्याच्या त्याच्या घरचा आहे. आमचा विषय मर्यादित आहे. ज्यांना जर्मन शिकावयाचीच आहे, त्यांनी ती कोणत्या वाटेने शिकावी? हा प्रश्न विचारण्याचे कारण असे, की आपली मुले जी पाठ्यपुस्तके हाताळतात, भ्रमणध्वनीवरचे जे पाठ गिरवितात, त्यांतील बहुतेक इंग्रजी भाषिकांच्या अडचणी डोळ्यांपुढे ठेवून रचलेले असतात. इंग्रजाला जे कठीण, ते तेथे कठीण म्हणून समजावून सांगितलेले असते. इंग्रजाला जे सोपे, ते गृहीत धरलेले असते. आपल्या अडचणी आणि आपल्या सोयी यांहून फार निराळ्या आहेत, आणि त्यांचा विचार कोणी फारसा करीत नाही.

इंग्रजी भाषिकांच्या चार वाटा

इंग्रजी बोलणाऱ्यांनी जर्मन शिकण्याच्या ज्या पद्धती आजवर चोखाळल्या, त्यांचा थोडक्यात आढावा घेतला, तर चार ठळक वाटा दिसतात.

पहिली व्याकरण आणि भाषांतर यांची. लॅटिन शिकविण्याच्या जुन्या शिरस्त्यातून ती आली. नामांची कोष्टके पाठ करावयाची, शब्दांच्या याद्या घोकावयाच्या आणि वाक्यांची उलथापालथ करावयाची. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ओलेनडॉर्फ नावाच्या जर्मन गृहस्थाने प्रश्नोत्तरांच्या साखळीतून भाषा शिकविणारी पुस्तके काढली आणि ती युरोपभर गाजली. या वाटेने गेलेला मनुष्य ग्रंथ वाचू शकतो. बाजारात जाऊन मीठ मागताना मात्र अडखळतो.

दुसरी वाट प्रत्यक्ष पद्धतीची. जर्मनीत जन्मलेल्या मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी १८७८ साली अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स या गावी शाळा काढली. तेथे पहिल्या दिवसापासून शिक्षकाने शिष्याच्या मातृभाषेत एक शब्दही बोलावयाचा नाही, असा दंडक होता. तिसरी वाट युद्धातून जन्मली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला अल्पावधीत परभाषा बोलणारी माणसे हवी होती. त्यासाठी ठराविक वाक्ये ऐकावयाची आणि तोंडात बसेपर्यंत पुनःपुन्हा म्हणावयाची, अशी कवायत सुरू झाली. पुढे ध्वनिमुद्रिका आणि ध्वनिफिती आल्या, त्यांनी हीच कवायत घराघरांत नेली. चौथी वाट आजची : भ्रमणध्वनीवरचे खेळवजा पाठ. रोज दहा मिनिटे, बरोबर उत्तराला टाळी, चुकीला लाल खूण.

प्रत्येक वाटेत काही गुण आहे. परंतु या चारही वाटा शिकणाराची मातृभाषा एकतर इंग्रजी समजतात किंवा ती मुळी विचारातच घेत नाहीत. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या भाषासंस्थेने आपल्या अधिकाऱ्यांसाठी काढलेला अंदाज बोलका आहे. जर्मनसाठी सुमारे ३६ आठवडे, हिंदीसाठी ४४ आठवडे. म्हणजे इंग्रजाला जर्मन बरीच जवळची आणि हिंदी दूरची. परंतु भाषेतील अंतर ज्याच्या त्याच्या गावापासून मोजावयाचे असते. आपण निघणार ते मराठीपासून.

त्यांना जे विचित्र, ते आपल्या घरचे

मार्क ट्वेन या अमेरिकी विनोदी लेखकाने १८८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथाच्या परिशिष्टात जर्मन भाषेची यथेच्छ थट्टा केली आहे. त्याचा मोठा आक्षेप लिंगावर आहे. जर्मनमध्ये नामाला तीन लिंगे. पुल्लिंगाला 'डेर', स्त्रीलिंगाला 'डी' आणि नपुंसकलिंगाला 'डास' हे उपपद. मुलगी या अर्थाचा 'मेडशेन' हा शब्द नपुंसकलिंगी, हे पाहून ट्वेनला हसू आवरले नाही.

मराठी माणसाला यात हसण्यासारखे काय आहे? तो, ती, ते ही तिन्ही सर्वनामे आपण दूधभातासोबत गिळलेली आहेत. 'ते मूल', 'ते पोर', 'ते लेकरू' असे आपण सहज म्हणतो. कोकणात आणि गोव्यात तर मुलीला 'चेडूं' म्हणतात आणि हा शब्द नपुंसकलिंगीच आहे. इतकेच नव्हे, 'मेडशेन' नपुंसकलिंगी का, याचे उत्तरही आपल्या भाषेत आहे. त्या शब्दाच्या शेवटी असलेला '-शेन' हा लघुत्वदर्शक प्रत्यय आहे, आणि तो लागला की कोणतेही नाम नपुंसकलिंगी होते. वासरू, कोकरू, पाखरू, लेकरू यांकडे पाहा. लहानपणाचा, कौतुकाचा '-रू' आला की आपणही 'ते' म्हणतो. हा नियम इंग्रज विद्यार्थ्याला पाठ करावा लागतो. मराठी विद्यार्थ्याला तो केवळ आठवून द्यावा लागतो.

दुसरे उदाहरण चतुर्थीचे घेऊ. इंग्रजीत थंडी वाजणारा मनुष्य वाक्याचा कर्ता असतो. जर्मनमध्ये म्हणतात 'मीर इस्ट काल्ट'. यातील 'मीर' म्हणजे 'मला'. मला थंडी वाजते. पुस्तक आवडले, हे सांगावयाचे असल्यास 'डास बूख गेफेल्ट मीर' : ते पुस्तक आवडते मला. इंग्रज विद्यार्थी येथे हटकून 'मी' वापरतो आणि चुकतो. दुर्दैवाने आपली मुलेही चुकतात, कारण ती मनात आधी इंग्रजी वाक्य रचतात. मराठी वाक्य मनात आणले असते, तर चूक होण्याचे कारणच नव्हते.

तिसरी गोष्ट क्रियापदाच्या स्थानाची. जर्मन गौणवाक्यात क्रियापद अगदी शेवटी जाते, आणि इंग्रजांच्या पुस्तकांत या प्रकरणाला मोठा बागुलबुवा करून ठेवलेले असते. आता ही दोन वाक्ये एकाखाली एक लिहून पाहा. जर्मन : 'वाइल इश क्रांक बिन'. मराठी : 'कारण मी आजारी आहे'. शब्दास शब्द जुळतो, क्रमास क्रम जुळतो. आणखी एक : 'डास इश डॉइच श्प्रेशेन कान'. मराठी : 'की मी जर्मन बोलू शकतो'. पाचही शब्द आपापल्या जागी. बी-१ पर्यंत पोहोचलेल्या मुलांना आम्ही ही जोडी फळ्यावर लिहून दाखविली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य पाहण्यासारखे होते. वर्षभर ज्याची धास्ती घेतली, ते आपण जन्मापासून बोलत आहोत, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

चौथी गोष्ट समासाची. जर्मन शब्दांच्या लांबीची थट्टा जगभर होते. संस्कृतचे संस्कार असलेल्या भाषेला तिचे नवल नाही. 'क्रांकेनहाउस' म्हणजे आजाऱ्यांचे घर, आपले रुग्णालय. 'व्योर्टरबूख' म्हणजे शब्दांचे पुस्तक, आपला शब्दकोश. 'हांटशू' म्हणजे हाताचा जोडा. आपण त्याला हातमोजा म्हणतो. तत्पुरुषात जसे उत्तरपद प्रधान असते आणि समासाचे लिंग उत्तरपदावरून ठरते, तसेच जर्मनमध्येही ठरते. 'हाउस' नपुंसकलिंगी, म्हणून 'क्रांकेनहाउस'ही नपुंसकलिंगी. आठवीच्या मुलाला समासविग्रह येत असेल, तर जर्मनच्या लांबलचक शब्दाची गाठ तो उजवीकडून सोडवू लागेल.

संख्यावाचकांचेही तसेच. इंग्रज वीस आधी म्हणतो आणि एक नंतर. जर्मन मनुष्य 'आइन-उंट-त्स्वांत्सिश', म्हणजे 'एक आणि वीस' म्हणतो. आपले एकवीस, पंचवीस, सत्तेचाळीस याच घडणीचे आहेत. आदरार्थाचेही तसेच. इंग्रजीत राजा आणि रंक या दोघांना एकच सर्वनाम. जर्मनमध्ये जवळच्या माणसाला 'डू' आणि परक्या वा वडीलधाऱ्या माणसाला 'झी'. तू कोणाला म्हणावयाचे आणि तुम्ही कोणाला, हे आपल्या मुलांना शिकवावे लागत नाही.

हिंदीत जे नाही

येथपर्यंत वाचून एखादा चिकित्सक वाचक म्हणेल, की यांतील निम्म्या गोष्टी हिंदीतही आहेत. मग मराठीचे विशेष ते काय? आक्षेप योग्य आहे. 'मुझे ठंड लगती है' या वाक्यातही चतुर्थीच आहे, क्रियापद तेथेही शेवटीच येते, आणि पच्चीसही पाच आणि वीस याच क्रमाचे आहे. हिंदी माध्यमातील आमच्या शाळेच्या मुलांनाही हे सांगितल्यास त्यांचा लाभच होईल.

परंतु दोन गोष्टी मराठीत आहेत आणि हिंदीत नाहीत. पहिली नपुंसकलिंग. हिंदीत दोनच लिंगे. तिसऱ्या लिंगाची जाण हिंदी भाषिकाला इंग्रजाइतक्याच कष्टाने मिळवावी लागते. दुसरी गोष्ट उच्चाराची. जर्मन 'झेड' या अक्षराचा उच्चार 'त्स' असा आहे. वेळ म्हणजे 'त्साइट', आगगाडी म्हणजे 'त्सूक', खोली म्हणजे 'त्सिमर'. हिंदी बोलणारा विद्यार्थी येथे हमखास 'ज' म्हणतो. आपल्या चाक, चूल, चमचा या शब्दांतला जो दंततालव्य 'च', तोच हा ध्वनी. मराठी जिभेला तो जन्मसिद्ध आहे.

जन्मसिद्ध आहे, की होता? या ठिकाणी आम्हाला थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. आपण इंदूरकर मराठी माणसे होळकरशाहीपासून या मातीत रुजलेली. बाहेर हिंदी, घरात मराठी, ही आपली पिढ्यान् पिढ्यांची रीत. आज आपल्या घरांतील मुलांची मराठी कान देऊन ऐका. 'दूध आला का?', 'घर मोठा आहे', 'माझी पुस्तक कुठे ठेवली?' अशी वाक्ये सर्रास ऐकू येतात. नपुंसकलिंग हळूहळू मावळत चालले आहे. हिंदीच्या दोन लिंगांच्या चौकटीत बसण्यासाठी 'ते' कधी 'तो' होते, कधी 'ती' होते. चाक आणि चूल यांतला 'च'ही 'चहा'तल्या 'च'सारखा होऊ लागला आहे. वडीलधारी माणसे हसून सोडून देतात, क्वचित कौतुकही करतात.

आणि तीच मुले संध्याकाळी भंवरकुआंच्या एखाद्या वर्गात पैसे भरून 'डेर, डी, डास' घोकतात, 'त्स' हा ध्वनी दाताजवळ जीभ नेऊन घटवतात! जे आजीने फुकट दिले असते, ते गमावून पुन्हा मोलाने विकत घेणे याला काय म्हणावे, ते वाचकांनीच ठरवावे.

जेथे मराठी उपयोगी पडत नाही

तथापि भाषाभिमानाच्या भरात विद्यार्थ्याची दिशाभूल होऊ नये. मराठी येत असली म्हणून जर्मन आपोआप येत नाही. लिंगाची कल्पना ओळखीची असली, तरी प्रत्येक नामाचे लिंग जुळेलच असे नाही. घर, पाणी, वर्ष, पुस्तक, मूल ही नामे दोन्हीकडे नपुंसकलिंगी आहेत, हा सुखद योगायोग होय. पण सूर्य तिकडे स्त्रीलिंगी, दूध स्त्रीलिंगी, दारही स्त्रीलिंगी. म्हणून प्रत्येक नाम त्याच्या उपपदासहितच पाठ केले पाहिजे. उपपद हा प्रकारच मराठीत नाही. आपण विभक्तीचा प्रत्यय नामाला लावतो, जर्मनमध्ये विभक्तीचा बराचसा भार उपपद वाहते. 'डेर'चे द्वितीयेत 'डेन' होते, चतुर्थीत 'डेम' होते. ही कोष्टके आपल्यालाही पाठ करावी लागतात.

मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी आलेच पाहिजे, हा जर्मनचा कडक नियम आहे. 'आज जातो मी शाळेत' असा काहीसा तो क्रम होतो. आपण क्रियापद शेवटी ठेवण्याच्या सवयीने चुकतो आणि इंग्रज ते कर्त्यानंतर ठेवण्याच्या सवयीने चुकतो. काही क्रियापदांचा उपसर्ग तुटून वाक्याच्या टोकाला जाऊन बसतो. वैदिक भाषेतही उपसर्ग धातूपासून दूर राहू शकतो, हे संस्कृत शिकलेल्यांना ठाऊक असेल. परंतु बोलताना त्याची सवय नव्यानेच करावी लागते. ओठ गोल करून काढावयाचे दोन स्वर आपल्याकडे मुळीच नाहीत. त्यांसाठी कानच तयार करावा लागतो.

शब्दसंपत्तीच्या बाबतीत मात्र इंग्रजीचा आश्रय जरूर घ्यावा. या दोन भाषा सख्ख्या बहिणी आहेत, आणि त्यांच्या ध्वनींतील फरक बऱ्याच अंशी नियमबद्ध आहे. इंग्रजी 'ट'च्या जागी जर्मनमध्ये 'स' किंवा 'त्स' येतो : वॉटर-वासर, टेन-त्सेन. 'प'च्या जागी 'फ' : शिप-शिफ. 'थ'च्या जागी 'ड' : थ्री-द्राय. असे चार-पाच नियम ध्यानात ठेवले, तर शेकडो शब्द ओळखीचे होतात. संस्कृत जाणणाऱ्याला आणखी काही नातलग भेटतात : भ्रातृ आणि 'ब्रूडर', दुहितृ आणि 'टोख्टर', अस्ति आणि 'इस्ट'. साखरेला ते 'त्सुकर' म्हणतात. तिची शर्करा आपल्याच देशातून अरबांमार्फत तिकडे गेली.

थोडक्यात, शब्दांसाठी इंग्रजी आणि वाक्यरचनेसाठी मराठी, असा दुहेरी आधार आपल्याला उपलब्ध आहे. एकट्या इंग्रजावर किंवा एकट्या हिंदी भाषिकावर ही कृपा नाही.

आपले पूर्वसूरी

मराठी माणसाने जर्मनच्या अभ्यासात उतरणे ही काही आजची गोष्ट नव्हे. फ्रान्झ कीलहॉर्न हे जर्मन पंडित १८६६ पासून सुमारे पंधरा वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी केलेली आवृत्ती आजही प्रमाण मानली जाते. संस्कृतचा सात खंडांचा थोर सेंट पीटर्सबर्ग कोश १८५५ ते १८७५ या काळात निघाला, तो जर्मन भाषेत. त्यामुळे संस्कृतचे सखोल संशोधन करणाऱ्या आपल्या विद्वानांना जर्मन शिकण्यावाचून गत्यंतर नव्हते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक वि. सी. सुखटणकर यांनी बर्लिनमध्ये अध्ययन केले आणि शाकटायनाच्या व्याकरणावरचा आपला प्रबंध जर्मनमध्ये लिहिला. इरावती कर्वे १९२८ ते १९३० या काळात बर्लिनमध्ये होत्या. मानवी कवटीच्या विषमतेवरचा त्यांचा प्रबंधही जर्मनमध्येच आहे.

लोकमान्य टिळकांचे उदाहरण सर्वांत उद्बोधक आहे. १९०८ ते १९१४ ही वर्षे त्यांनी मंडालेच्या तुरुंगात काढली. पन्नाशी उलटलेली, प्रकृती ढासळलेली, शिक्षक नाही, वर्ग नाही, बोलावयास जर्मन मनुष्य तर नाहीच. अशा स्थितीत त्यांनी केवळ पुस्तकांच्या साहाय्याने जर्मन आणि फ्रेंच भाषांचा अभ्यास केला. त्यांना संभाषण करावयाचे नव्हते, मूळ ग्रंथ वाचावयाचे होते. आणि त्या हेतूला व्याकरणाची जुनी वाट पुरेशी होती. हेतू ठरला की वाट ठरते, हे या उदाहरणावरून शिकण्यासारखे आहे. परिचारिकेला रुग्णाशी बोलावयाचे आहे, तिने पुस्तकावर विसंबून चालणार नाही.

आपल्या माळव्याचाही या भाषेशी संबंध आहे. कालिदासाचे शाकुंतल १७८९ साली विल्यम जोन्सने इंग्रजीत नेले आणि त्या इंग्रजीवरून १७९१ साली गेओर्ग फोर्स्टरने ते जर्मनमध्ये नेले. गटे या महाकवीला ते वाचून किती आनंद झाला, हे सर्वश्रुत आहे. तेव्हा शाकुंतल इंग्रजीच्या पुलावरून जर्मनीत गेले. आज आपली मुले त्याच पुलावरून जर्मनकडे जात आहेत. आणि भंवरकुआंहून फार दूर नसलेला माणिकबाग राजवाडा यशवंतराव होळकरांसाठी १९३० च्या सुमारास एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाने उभारला, हे नव्या पिढीस सांगण्यासारखे आहे.

व्यवहाराच्या चार गोष्टी

आता पालकांसाठी थोडे हिशेबाचे बोलू. जर्मनच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. व्यवसायशिक्षणासाठी जाणाऱ्यास साधारणतः बी-१ आणि परिचारिकेस पात्रतेच्या मान्यतेसाठी बहुतांशी बी-२ लागते. गोएथे संस्थेच्या अंदाजानुसार प्रारंभापासून बी-२ पूर्ण होईपर्यंत ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. आठवड्यास १२ तासिका धरल्या, तर हे एक ते सव्वा वर्षाचे काम झाले. ए-१ ला सुमारे ६५० शब्द आणि बी-१ ला सुमारे २,४०० शब्द अपेक्षित असतात.

हा हिशेब मांडण्याचे कारण आहे. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील परिचारिका मुलीला एका वर्गाने तीन महिन्यांत बी-२ ची हमी दिली आणि सर्व शुल्क आगाऊ घेतले. आईने त्यासाठी पाटल्या मोडल्या. तीन महिन्यांत ६०० तासिका म्हणजे आठवड्यास ४६. आठवड्यातील सहा दिवस रोज जवळजवळ आठ. वर्गात प्रत्यक्ष रोज दोनच होत असत. मुलगी परीक्षेस बसली, वाचनात निभावली, लेखनात आणि संभाषणात राहिली. पैसे परत मिळाले नाहीत. पुढे तिने नेटाने पुन्हा आरंभ केला. संध्याकाळी ती आमच्याकडे वही घेऊन येई. आम्ही जर्मनचे पंडित नव्हे. मुलांसोबत बसून प्राथमिक पुस्तके वाचली, एवढेच आमचे भांडवल. परंतु वाक्य आधी शुद्ध मराठीत लिहावयाचे, त्याचे कर्ता-कर्म-विभक्ती ओळखावयाचे आणि मग ते जर्मनमध्ये उतरवावयाचे, हा क्रम तिला मानवला. दीड वर्षाने तिचे चारही विभाग पूर्ण झाले. श्रेय तिच्या चिकाटीचे आहे. मराठीने तिला काही महिन्यांची भीती तेवढी वाचविली.

तेव्हा वर्ग निवडताना एकूण तासिका किती, एका वर्गात मुले किती, शिक्षकाची स्वतःची पायरी कोणती, आणि शुल्क टप्प्याटप्प्याने घेतात की नाही, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बी-१ आणि बी-२ या परीक्षांत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र विभाग असतात, प्रत्येकात ६० टक्के गुण लागतात, आणि राहिलेला विभाग पुन्हा देता येतो. एका विभागात अपयश आले म्हणजे सर्व बुडाले, असे मुलाने समजू नये. पुणे आणि मुंबई येथील मॅक्स म्युलर भवनांत परीक्षांची चौकशी करता येते. जर्मन नभोवाणी संस्था डॉइच वेले हिचे प्राथमिक पाठ विनामूल्य उपलब्ध आहेत. ज्यांना ऐपत नाही, त्यांनी आरंभ तेथून करावा.

घरी करण्यासारखे तीन उपाय सुचवितो. एक, पहिला महिना केवळ ऐकणे आणि मोठ्याने वाचणे यांसाठी द्यावा. दोन, नामांची वही तीन रंगांच्या शाईने लिहावी. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग वेगवेगळ्या रंगांत, आणि नामापुढे त्याचा मराठी अर्थ 'तो, ती, ते' यांसह. तीन, रोज पाच वाक्ये मराठीतून थेट जर्मनमध्ये न्यावी, मध्ये इंग्रजी येऊ देऊ नये. 'कारण', 'की', 'जेव्हा', 'जर' यांनी सुरू होणारी गौणवाक्ये आरंभीच घ्यावी. इंग्रजांच्या पुस्तकांत ती उशिरा येतात, आपल्याला तितके थांबण्याचे कारण नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रीय विद्यालयांतून तृतीय भाषा म्हणून जर्मन काढून संस्कृत आणली गेली, तेव्हा जर्मन हवी की संस्कृत, असा वाद देशभर माजला होता. आमच्या मते तो वाद मुळातच फोल होता. विभक्ती आणि समास यांचे भान असलेले मूल जर्मन लवकर शिकते, आणि जर्मन शिकताना त्याला आपल्या व्याकरणाचेही भान येते.

शेवटी एक विनंती घरातील आजी-आजोबांना. नातवंडे जर्मन शिकत आहेत म्हणून आपले त्यात काय काम, असे समजून दूर बसू नका. त्यांच्याशी मराठीतच बोला; 'दूध आला' म्हटले, तर 'दूध आले' असे न रागावता पुन्हा म्हणून दाखवा; चाक, चूल, चमचा यांतला 'च' त्यांच्या कानी पडू द्या. मुले उद्या स्टुटगार्टला जावोत की इंदूरलाच राहोत, तेवढी शिदोरी त्यांच्याजवळ असू द्या. येत्या उन्हाळ्याच्या सुटीत या कामाला आरंभ करावयास हरकत नाही.